हंड्याने किती नेशील?

आमच्या विहिरीचं पाणी दर वर्षी होळीच्या सुमारास मचूळ होतं. दिसायला नितळ, पण त्यात तूरडाळ शिजत नाही आणि केस धुतले की चिकट राहतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात पुष्कळ घरांचं हेच रडगाणं आहे. माझ्या लहानपणी वाडीवाडीत बावखल असायचं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं, आणि मे महिन्यातसुद्धा विहिरीला गोडं पाणी मिळायचं. मग बावखलं बुजली, पंप वाढले, आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकलं. गेली काही वर्षं मी मार्च ते जून वीस लिटरचे जार विकत घेते.

माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर माझ्या माहेरची वाडी आहे. तिथल्या विहिरीचं पाणी आजही गोडं आहे. तिथे माझा मोठा भाऊ राहतो. त्या विहिरीचं पाणी मी चार वर्षं प्यायले नव्हते.

बाबा २०२१ च्या ऑक्टोबरात गेले. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस एक तरुण मुलगा हक्कसोडपत्र घेऊन माझ्या दारात उभा राहिला. “ताई, इथे सही करा, इथे आणि इथे.” मी केली. मला जमीन नको होती, आजही नको आहे. पण दादाने स्वतः यायला हवं होतं. ओट्यावर बसून, चहा पिऊन, “बाय, असं असं आहे, तुझी सही हवी” एवढं तोंडाने म्हणायला हवं होतं. त्याने मागितलं असतं तर मी हसत दिलं असतं. त्याने कागद पाठवला. त्या दिवसापासून मी त्याच्या घरी गेले नाही. मिस्सेला, म्हणजे उपासनेला, आम्ही एकाच चर्चमध्ये जातो. तो डावीकडच्या बाकांवर बसतो, मी उजवीकडे, वाचकांच्या रांगेत. शांतीची खूण देताना मी माझ्या शेजारणीकडे वळते.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि बावीस वर्षं चर्चमध्ये बायबलचं वाचन करते. वाचन आधी घरी तीन-चार वेळा मोठ्याने वाचून बघायची माझी सवय आहे, कारण नावं अडखळतात. त्यामुळे शब्द रविवारच्या आधीच आठवडाभर घरात फिरत असतात. यंदा ते माझ्या मागेच लागले.

राखेच्या बुधवारी, १८ फेब्रुवारीला, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि फादरांनी कपाळावर राख लावली. ती राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांची. आम्ही सगळ्यांनी घरातल्या आल्तारामागचे झावळीचे वाळलेले क्रूस काढून चर्चमध्ये आणून दिले होते. त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, दर वर्षी तेच असतं, मत्तयचा सहावा अध्याय: दान करशील तेव्हा डाव्या हाताला कळू देऊ नकोस, प्रार्थना दार लावून कर, उपास करशील तेव्हा चेहरा धू. दान, प्रार्थना, उपास. मी नेहमीप्रमाणे ठरवलं. शुक्रवारी एक वेळ जेवायचं, रोज क्रुसाच्या वाटेची एक तरी भक्ती करायची, आणि उपवासकाळाच्या पाकिटात पेन्शनमधले ठरावीक पैसे टाकायचे. देणं मला जमतं. चाळीस वर्षं मी ते करत आले आहे.

पहिल्या रविवारी अरण्यातला मोह. येशू चाळीस दिवसांचा भुकेला आहे आणि सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. तो करत नाही. इतकी वर्षं ऐकून मला वाटायचं, हा निग्रहाचा धडा आहे. यंदा मनात दुसरंच आलं: त्याला स्वतःची भूक स्वतः भागवता आली असती, कोणाकडे हात न पसरता. तेच त्याने नाकारलं. ते तेव्हा डोक्यात आलं आणि गेलं. दुसऱ्या रविवारचं, डोंगरावरच्या रूपांतराचं शुभवर्तमान यंदा माझ्यापर्यंत पोचलं नाही, म्हणून पुढे जाते.

तिसरा रविवार, ८ मार्च. पहिलं वाचन माझ्याकडे होतं, जुन्या करारातल्या निर्गमचा सतरावा अध्याय. लोक अरण्यात तहानेने व्याकूळ आहेत आणि मोशेशी भांडतात: आम्हाला, आमच्या पोरांना, आमच्या गुरांना तहानेने मारायला मिसरातून बाहेर काढलंस का? देव मोशेला खडकावर काठी मारायला सांगतो आणि पाणी निघतं. पण त्या जागेला नाव पाण्याचं पडत नाही. नाव पडतं मस्सा आणि मरीबा, म्हणजे परीक्षा आणि भांडण. घरी ते वाचून पाहताना मी थांबले. खडकातून पाणी फुटलं, सगळे प्यायले, आणि तरी त्या जागेला लोकांनी ओळखलं ते भांडणावरूनच. माझ्या माहेरच्या विहिरीला मी मनात काय नाव दिलं होतं? शिवाय त्या दिवसाचं प्रतिसाद स्तोत्रही तेच नाव घेतं: आज तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर मरीबात केलीत तशी आपली मनं कठीण करू नका.

आणि मग शुभवर्तमान. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं; त्यातल्या ‘अ’ वर्षात, म्हणजे यंदासारख्या मत्तयच्या वर्षात, उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानाच्या तीन लांबलचक कथा वाचतात. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीसाठी फार जुन्या काळापासून त्या वापरल्या जातात. शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, लाझरस. पाणी, उजेड, जीवन.

याकोबाची विहीर, भर दुपार. येशू चालून दमलाय, विहिरीपाशी बसलाय. शिष्य गावात अन्न आणायला गेलेत. एक बाई पाणी भरायला येते. आणि देवाचा पुत्र तिच्याशी पहिलं वाक्य बोलतो ते हे: “मला प्यायला दे.”

मुलांना मी ही कथा कितीदा सांगितली असेल. प्रत्येक वेळी मी धावत, येशू पुढे तिला देऊ करतो त्या ‘जिवंत पाण्या’कडे जायचे, कारण शिकवण तिथे आहे असं वाटायचं. पण सुरुवात त्याच्या मागण्याने होते. त्याच्याकडे पोहरा नाही. ती तसं बोलूनही दाखवते: तुझ्याकडे काढायला काही नाही आणि विहीर खोल आहे. तो पुरुष, ती बाई. तो यहुदी, ती शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत, आणि हा तिच्याच घागरीतून पाणी मागतो. शाळेत २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा धडा घेताना मी मुलांना सांगायचे की १९२७ साली बाबासाहेबांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, माणूसपणाचा होता. कोणाच्या हातचं पाणी पितो आणि कोणाच्या हातचं नाही, यात आपल्याकडे माणसाची सगळी किंमत मोजली जाते. हे मी शिकवत होते, आणि ही विहीर तर मला लहानपणापासून पाठ होती. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात येत असूनही मी त्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

जो मागतो तो खाली उतरतो. देणारा वर राहतो. मी चाळीस वर्षं उपवासकाळात दान करत आले आणि चाळीस वर्षं वरच राहिले. दादाने माझ्याकडे मागितलं नाही, हा माझा राग होता. पण चार वर्षांत मी तरी त्याच्याकडे काय मागितलं होतं? सात मिनिटांवर गोडं पाणी असताना मी जार विकत घेत होते, कारण पैसे देऊन घेतलेल्या पाण्यासाठी कोणासमोर उभं राहावं लागत नाही.

हे मला त्या रविवारी कळलं. कळलं म्हणून मी उठून गेले असं मात्र झालं नाही.

चौथ्या रविवारी जन्मांधाची कथा. येशू थुंकीने चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. पुन्हा पाणीच. त्यातले आईबाप मला नेहमी आठवत राहतात, जे भीतीने म्हणतात, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. माझ्या यजमानांनीही मला त्या आठवड्यात एवढंच म्हटलं: तुझा भाऊ आहे, तूच ठरव.

पाचव्या रविवारी, २२ मार्चला, लाझरस, मार्था आणि मरियेचा मेलेला भाऊ. मार्था येशूला वाटेत गाठते आणि म्हणते, प्रभो, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरिया येते आणि अक्षरशः तेच वाक्य म्हणते. दोघी बहिणी, एकच वाक्य. दोघींनी त्या चार दिवसांत घरात ते वाक्य एकमेकींना किती वेळा म्हटलं असेल! मी बाकावर बसून ऐकत होते आणि ‘माझा भाऊ’ हे शब्द मला सोसत नव्हते. त्यांचा भाऊ थडग्यात होता. माझा सहा बाकांपलीकडे बसला होता, निळ्या शर्टात, बाबांसारखी मान किंचित डावीकडे कलवून.

येशू विचारतो, त्याला कुठे ठेवलंत? सगळं जाणणारा विचारतो. मग तो रडतो. मग म्हणतो, धोंडा बाजूला करा. आणि मार्था, जी आत्ताच विश्वासाचं एवढं मोठं वाक्य बोलली, तीच आडवी येते: प्रभो, आता दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत. मला मार्थेचं हे बोलणं फार खरं वाटतं. विश्वास आहे, पण उघडायचं नाही. आत काय झालं असेल ते बघवणार नाही. तिचे चार दिवस, माझी चार वर्षं.

आणि इथेही तो मागतो. मेलेल्याला हाक मारून उठवणाऱ्याला एक धोंडा हलवता आला नसता का? पण धोंडा लोकांनी काढायचा. लाझरस बाहेर येतो तो हातपाय बांधलेला, तोंडाला कापड गुंडाळलेला, आणि येशू पुन्हा लोकांनाच सांगतो: त्याला मोकळा करा, जाऊ द्या. जे माणसांच्या हातचं आहे ते तो स्वतः करत नाही. ते मागतो आणि थांबतो.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास मी स्टीलचा हंडा घेऊन निघाले. वेळ मुद्दाम निवडली नव्हती. सकाळपासून काहीतरी काम काढून मी टाळत होते, म्हणून बारा वाजले. वाडीचं फाटक उघडंच होतं. राजेळी केळीच्या बागेत पाट वाहत होता. वहिनी मागच्या पडवीत मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. मला बोलायचं होतं ते पाठ करून गेले होते, पण एवढंच तोंडातून आलं: “वहिनी, आमचं पाणी खारं झालंय. हंडाभर पाणी देतेस का?”

ती उठली. काही बोलली नाही. आत जाऊन आधी तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं, उन्हातून आलेल्या कोणालाही देतात तसं. मी ते उभ्या उभ्या प्यायले. आईच्या हातच्या डाळीची चव त्या पाण्यात असते. डाळीला चव त्या पाण्यानेच यायची, हे मला तेव्हा कळलं.

दादा केळीतून बाहेर आला, हाताला माती. हंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“हंड्याने किती नेशील?” तो म्हणाला. “पाईप आणायचास.”

मग पंप सुरू करायला गेला.

कागदाबद्दल आम्ही त्या दिवशी बोललो नाही, अजूनही बोललेलो नाही. ते बोलायला हवं आणि कधीतरी बोलू. पण दर मंगळवारी पाळी ठरली आहे. त्याची बाग भिजून झाली की पाईप आमच्या बाजूला.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पाणी हा आमच्या भागात कधीच निव्वळ घरगुती विषय नव्हता. १९८८-८९ च्या सुमारास हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं तेव्हा मी चोविशीत होते. वाड्यांमधलं पाणी टँकरने जात होतं, विहिरी तळाला लागत होत्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो आल्तारावरून उतरून लोकांबरोबर रस्त्यावर चालत होते. तेव्हा काहींनी विचारलं होतं की धर्मगुरूचा पाण्याशी काय संबंध. योहानाचा चौथा अध्याय, म्हणजे त्या विहिरीची कथा, वाचणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. फादर २५ जुलै २०२४ ला गेले. यंदा ती कथा ऐकताना त्यांची फार आठवण झाली.

झावळ्यांच्या रविवारपासून, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपासून, मी मागणाऱ्या येशूचाच माग काढत राहिले, आणि तो जागोजागी सापडला. मिरवणुकीआधीच्या शुभवर्तमानात त्याला गाढवी आणि शिंगरू हवं आहे, तेही दुसऱ्याचं. कोणी विचारलं तर सांगा, प्रभूला यांची गरज आहे. प्रभूला गरज! मग मत्तयच्या दुःखसहनकथेत वल्हांडणाच्या जेवणासाठी कोणाचं तरी घर मागतो. गेथसेमानीत तर तो सोबत मागतो, आणि तीच त्याला मिळत नाही. एक तासभरही तुम्हाला माझ्याबरोबर जागं राहवलं नाही का, असं तो पेत्राला म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात राग मला कधी ऐकू आला नाही.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांच्या यादीत माझं नाव होतं. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून त्या बाकावर बायकाही बसतात. माझी आई असती तर तिला ते खरं वाटलं नसतं. मला सांगितलं गेलं तेव्हा मी नाही म्हणाले. माझ्या टाचांना भेगा आहेत, खोल, वाडीत अनवाणी वाढलेल्या बाईच्या. त्या मी कोणाला दाखवत नाही. संध्याकाळी योहानाचा तेरावा अध्याय उघडला आणि पेत्राचं वाक्य वाचलं: तू माझे पाय कधीच धुणार नाहीस. पेत्राचा तो नम्रपणा वाटतो, पण येशू त्याला फार कडक उत्तर देतो. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मी फोन करून येते म्हणाले. फादर माझ्यापुढे गुडघ्यावर बसले, तरुण आहेत, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. टाचेवरून पाणी गेलं तेव्हा भेगांत झोंबलं. त्यांनी टॉवेलने पुसलं आणि इतरांच्या पायांसारखंच वाकून चुंबन घेतलं. मी मान वर केली नाही.

शुभ शुक्रवारी घंटा मुक्या असतात. दुपारी तीनला योहानाच्या दुःखसहनकथेत निवेदकाचा भाग मी वाचला, ख्रिस्ताचा फादरांनी. “मला तहान लागली आहे” हे वाक्य त्यांच्याकडे, आणि त्यानंतरचं माझ्याकडे: आंबेने, म्हणजे आंबट द्राक्षारसाने, भरलेला बोळा लोकांनी त्याच्या तोंडाशी नेला. पाच दिवसांपूर्वी मत्तयमध्ये ऐकलं होतं की क्रुसावर चढवण्याआधी दिलेला कडू द्राक्षारस त्याने चाखून नाकारला. योहानाच्या कथेत शेवटी तो आंब घेतो. ज्यांनी खिळे मारले त्यांच्या हातून घेतो आणि मग म्हणतो, पूर्ण झालं आहे. विहिरीवरच्या त्या बाईने त्याला पाणी दिलं की नाही हे योहान कुठेच लिहीत नाही. ती घागर तिथेच ठेवून गावात धावते. यंदा पहिल्यांदा मला वाटलं की ती तहान तशीच राहिली आणि इथे येऊन पोचली. मग भाल्याने कूस भोसकतात आणि जो पाणी मागत होता त्याच्यातूनच रक्त आणि पाणी निघतं. हे वाक्य वाचताना माझा आवाज गेला. मी थांबले, गिळलं, पुन्हा वाचलं.

ईस्टरच्या रात्री अंधारात पास्काची मेणबत्ती आत आली, आणि जुन्या करारातल्या वाचनांमध्ये यशयाचं माझ्याकडे होतं: अहो तान्हेल्यांनो, सर्व जण पाण्याकडे या, पैसे नसले तरी या. मला जारवाल्याची आठवण झाली. त्याला मी मंगळवारपासून नको म्हटलं होतं.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या, आठवड्यात मिस्सेला गर्दी ओसरलेली असते, आणि माझ्या मते वर्षातली सगळ्यात सुंदर शुभवर्तमानं त्याच आठवड्यात असतात. गुरुवारी लूक: शिष्य आनंदाने आणि धास्तीने गोंधळलेत आणि पुनरुत्थित प्रभू त्यांना विचारतो, इथे तुमच्यापाशी काही खायला आहे का? ते भाजलेल्या मासळीचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो. शुक्रवारी योहानाचा शेवटचा अध्याय: पहाटे किनाऱ्यावर उभा राहून तो हाक मारतो, पोरांनो, काही मासळी मिळाली का? रात्रभर काहीच नव्हतं. मग जाळं भरतं, १५३ मोठे मासे. पण किनाऱ्याला येऊन बघतात तर निखारे पेटलेले आहेत, त्यावर मासळी आहे आणि भाकर आहे. त्याच्याकडे आधीच होतं! तरी तो म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यातले थोडे आणा.

मरणावर विजय मिळवूनही तो मागायचं सोडत नाही. आता तर त्याला कशाची वाणही नाही. आपल्या हातचं त्याला हवं असतं, एवढंच कारण उरतं. मी या वाक्यांपाशी आठवडाभर बसले होते.

परवा वहिनीचा फोन आला. दादाच्या नातीचं पहिलं होली कम्युनियन मे महिन्यात आहे, आणि आईचं मोठं तांब्याचं पातेलं, जे बाबांनी माझ्या लग्नात दिलं होतं, ते दोन दिवसांसाठी हवं आहे. “मागू का नको असं चाललं होतं,” ती म्हणाली. माळ्यावर ते सगळ्यात मागे, जुन्या रहाटाच्या दोरांखाली होतं. खाली उतरवून चिंचेने घासायला घेतलं तर कल्हई पार गेलेली. कल्हईवाला आता आगाशीच्या बाजारात बसतो का ते विचारायला उद्या जायचं आहे. नाहीतर दादा ओळखत असेल कोणाला, त्यालाच विचारते.